मानेत जादा बरगडी निघाली, हाताला मुंग्या येतात. ऑपरेशन करायलाच लागतं का?

सुईदोरा (९ फेब्रुवारी, रात्री १०.१५)
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी ३६ वर्षांची, सोलापुरात घरीच शाळेच्या युनिफॉर्मचं शिलाईकाम करते, पीसवर. मार्च ते जून आमचा सीझन, त्या दिवसांत मशीनवरून उठायला होत नाही. मागच्या एप्रिलात उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. आधी वाटलं ऊन आणि दगदग. मग दोरीवर कपडे वाळत घालताना हात वर धरला की काखेपासून आतल्या बाजूनं करंगळीपर्यंत कळ यायची आणि हात एवढा जड व्हायचा की चिमटा बोटातनं निसटून खाली. वेणी घालताना तेच. सुईत दोरा एका दमात ओवायची मी, आता तीन-तीनदा थुंकी लावून टोक करते तरी चुकतंय.

एका ठिकाणी गॅस म्हणाले. दुसरीकडे मणके झिजले म्हणून मानेला पट्टा दिला, दीड महिना घातला, फरक नाही. तिसरीकडे कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबलीय, म्हणून मनगटाला पट्टी. आता एका डॉक्टरांनी नीट तपासून मानेचा एक्सरे काढायला लावला तर दोन्ही बाजूला एकेक जादा बरगडी निघाली, उजवीकडची मोठी. थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणाले, नाव लक्षात राहिना म्हणून कागदावर लिहून घेतलं. "आधी व्यायाम करू, मग बघू" म्हणालेत. पण घरी सगळे म्हणतात हाड जास्तीचं आहे तर ते काढल्याशिवाय कसं बरं वाटणार. आणि सासूबाईंचा प्रश्न मलाही पडलाय, जन्मापासून होती तर ही बरगडी ३५ वर्षं गप्प का बसली? कुणाला अनुभव असेल तर सांगा, सीझन तोंडावर आलाय, रात्री झोप लागत नाही.

होटगीरोडकर (९ फेब्रुवारी, रात्री १०.३२)
ताई घाबरू नका. नाव मोठं आहे म्हणून आजार मोठा असं नसतं. इथं एक फिजिओ ताई आहेत, त्या बघतील धागा.

कडकभाकरी (९ फेब्रुवारी, रात्री १०.४०)
तोवर कपडे वाळत घालायचं काम दाजींकडे द्या. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय म्हणून सांगा :)

लूमवाला (९ फेब्रुवारी, रात्री ११.०५)
मालक, मला पण सेम होतं. टॉवेलच्या कारखान्यात आहे, बारा तास उभं. हात वर करून तुटलेला धागा जोडताना मुंग्या. आमच्या इथला सलूनवाला मान मोडून देतो, कडाकड आवाज येतो आणि हात मोकळा होतो. दोन दिवस बरं वाटतं. ताई एकदा करून बघा, खर्च काय नाही.

फिजिओताई (१० फेब्रुवारी, सकाळी ७.२०)
लूमवाला दादा, आधी तुम्हालाच. मान मोडून घेऊ नका, कृपा करून. मानेतनं मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात, झटक्यानं त्यांच्या आतलं अस्तर फाटू शकतं आणि त्यातनं लकवा मारू शकतो. रोज घडत नाही पण घडतं. आणि जिथं जादा बरगडी आहे की नाही तेच माहीत नाही तिथं तर नकोच नको.

आता सुईदोरा ताई. सकाळी सात वाजता लिहितेय कारण तुमचा धागा वाचून मलाच राहवलं नाही. लांबलचक होईल.

आपल्याकडे एक गोंधळ भाषेतच आहे. आपण सगळ्यालाच "नस" म्हणतो. "नस दबली." पण मानेतनं हाताकडे तीन वेगळ्या गोष्टी जातात. संवेदना आणि हालचाल नेणारे मज्जातंतू, हाताला रक्त नेणारी धमनी, आणि हातातलं रक्त परत आणणारी शीर. तुमच्या आजारात या तिन्हीपैकी काय दबलंय त्यावर सगळं ठरतं. लक्षणं वेगळी, घाई वेगळी, उपचार वेगळे. शंभरातल्या नव्वदहून जास्त पेशंटना मज्जातंतू दबल्याचा त्रास असतो, तुमचाही तसाच वाटतोय. शीर दबण्याचं प्रमाण तीन ते पाच टक्के, धमनीचं जेमतेम एक टक्का.

आता कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात बोट हलकेच ठेवा आणि जोरात श्वास घ्या. बोटाखाली काहीतरी ताठ होईल. ते मानेच्या बाजूचे स्केलिन नावाचे स्नायू, मानेच्या मणक्यांपासून निघून पहिल्या-दुसऱ्या बरगडीला जाऊन चिकटतात. पुढचा स्केलिन आणि मधला स्केलिन यांच्या फटीतनं मज्जातंतूंचा जुडगा आणि धमनी बाहेर येते. शीर पुढच्या स्केलिनच्या पुढनं जाते. मग तिघंही कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या मधनं, आणि शेवटी छातीच्या एका छोट्या स्नायूखालनं हातात. दिवाळीत मधला मारुतीच्या बाजारात माणूस, गाडी, हातगाडी एकाच बोळातनं जातात तसं. बोळ रुंद असेल तर कुणाची तक्रार नाही. तुमच्या बोळात जन्मतः एक ओटा बांधलेला आहे, ती तुमची सातव्या मणक्याची जादा बरगडी. शंभर-दोनशे माणसांत एकाला ती असते, बायकांत जास्त, आणि बहुतेकांना मरेपर्यंत कळतसुद्धा नाही.

म्हणजे सासूबाईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे. ओटा होताच, पण ३५ वर्षं गर्दी नव्हती. नंतर काय बदललं? दहा-बारा तास पुढं वाकून बसणं, खांदे गळालेले, कापडाचे गठ्ठे एका खांद्यावर, श्वास वरवर छातीतनं. वरवर श्वास घेतला की हे स्केलिन दर श्वासाला पहिली बरगडी वर ओढतात, दिवसातनं हजारो वेळा. स्नायू जाड आणि आखूड होतात, बोळ आणखी अरुंद. आणि करंगळीच का? कारण करंगळीकडे जाणारे तंतू या जुडग्यात सगळ्यात खाली असतात, ते थेट त्या ओट्यावर टेकतात.

ओटा पाडता येतो. पण गर्दी कमी करूनही बोळ मोकळा होतो आणि मज्जातंतूच्या प्रकारात बऱ्याच जणांना तेवढ्यावर भागतं. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय.

तीन गोष्टी मला विचारायच्यात. हात कधी सुजतो, निळा-जांभळा पडतो का? बोटं पांढरी, गार पडतात का? आणि दोन्ही तळवे शेजारी धरून बघा, अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो उजवीकडे बसलाय का?

सुईदोरा (१० फेब्रुवारी, दुपारी २.१०)
ताई तुमचे उपकार कसे फेडू. सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं, ओट्याचं त्यांना लगेच पटलं. हात सुजत नाही, रंग बदलत नाही. थंडीत बोटं गार पडतात पण दोन्हीकडची सारखीच. तळवे बघितले, मला तर सारखेच दिसतात. नवऱ्यालाही दाखवले, तो पण तेच म्हणाला.

पूर्वभाग_अक्का (१० फेब्रुवारी, दुपारी ३.२५)
आमच्या घरात तीन पिढ्या विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, मान खाली ती संध्याकाळीच वर. हजार विड्या व्हायच्या म्हणजे हात थांबत नाही. माझ्या चुलत सासूला हाताला मुंग्या यायच्या, आम्ही पण म्हणालो मानेचंच. पण तिच्या अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना यायच्या, रात्री झोपेतनं उठून हात झटकायची मग बरं वाटायचं. ते मनगटातलं निघालं, कार्पल टनेल, शिवाय साखर वाढलेली आणि बी बारा कमी. तेव्हा मुंग्या म्हणजे सगळ्यांचं एकच असं नाही की ओ. कुठल्या बोटाला येतात ते बघायचं.

फिजिओताई (१० फेब्रुवारी, दुपारी ४.००)
अक्का, लाखातलं बोललात. डॉक्टरकडे जाताना कुठलं बोट, कुठल्या वेळी, कशानं वाढतं, कशानं थांबतं हे कागदावर लिहून न्या. अर्धं निदान तिथंच होतं. अंगठा-तर्जनी-मधलं बोट आणि रात्रीचा त्रास म्हणजे मनगटाकडे बघायचं. करंगळी आणि फक्त कोपर वाकवून फोन धरल्यावर म्हणजे कोपराकडे. करंगळीसोबत दंडाची आणि कोपराखालच्या हाताची आतली बाजू आणि हात वर केल्यावर म्हणजे कॉलरबोनकडे. मान वळवल्यावर कळ हातात उतरते तर मणक्यातली गादी. एकाच माणसाला दोन ठिकाणी दबलेलं पण असू शकतं, ते वेगळं.

निवृत्त_मास्तर (१० फेब्रुवारी, सायंकाळी ६.४५)
मी ३१ वर्षे फळ्यावर लिहिलं. हात वर धरायचं काम माझ्याइतकं कुणी केलं नसेल, पण माझं दुखणं गादी सरकल्याचं निघालं. ते असो. एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझा एक जिवलग मित्र, आयुष्यभर विडी ओढली. खांदा आणि हाताची आतली बाजू दुखायची, करंगळी बधिर. वर्षभर खांदा आखडला म्हणून शेकत होता. एक दिवस मी त्याच्यासमोर चहा घेत बसलो होतो आणि पाहिलं की त्याची त्या बाजूची पापणी अर्धी खाली आलीय, बाहुली बारीक झालीय. छातीचा एक्सरे काढला तर फुफ्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला गाठ. तीही त्याच तंतूंना दाबत होती. उशीर झाला होता. तंबाखू ओढणाऱ्या माणसाचा खांदा दुखत राहिला, वजन घटलं, पापणी उतरली तर मानेसोबत छातीचाही फोटो काढाच. आणि डावा हात दुखून घाम फुटला, छाती भरून आली तर हे धागे वाचत बसू नका, आधी ईसीजी.

होटगीरोडकर (१० फेब्रुवारी, सायंकाळी ७.०२)
सर, वाईट वाटलं वाचून. आमचे तीर्थरूप पण ओढतात, उद्याच नेतो.

पार्कमैदान (१० फेब्रुवारी, रात्री ९.३०)
मला वाटलं हा आजार फक्त मलाच आहे सोलापुरात. माझं वय २३, व्हॉलीबॉल खेळतो आणि जिम. दोन वर्षांपूर्वी सकाळी उठलो तर उजवा हात फुगलेला, घड्याळाचा पट्टा नेहमीच्या भोकात बसेना. जांभळट रंग, खांद्यावर आणि छातीवर निळ्या शिरा उठून दिसायला लागल्या. जिममधली पोरं म्हणाली पंप आलाय भारी, आदल्या दिवशी शोल्डर मारला होता ना. मी पण खूश, फोटो काढला बे त्याचा. तिसऱ्या दिवशी हात जड होऊन कोपरातनं वाकेना तेव्हा आईनं ओढत नेलं. डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी केली, कॉलरबोनखालच्या शिरेत रक्ताची गुठळी. लगेच ॲडमिट, रक्त पातळ करायची इंजेक्शनं, मग शिरेतनं नळी घालून औषधानं गुठळी विरघळवली. डॉक्टर म्हणाले लवकर आलास, पहिल्या १४ दिवसांत हे चांगलं जमतं, नंतर गुठळी घट्ट होते. माझी जादा बरगडी वगैरे नव्हती, असलेल्या पहिल्या बरगडीतच शीर चेंगरत होती, ती बरगडी नंतर ऑपरेशन करून काढली. आता खेळतो, पण आधीसारखा स्मॅश मारताना मनात धाकधूक राहते.

फिजिओताई (१० फेब्रुवारी, रात्री ९.५५)
पार्कमैदान, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. हाच तो शिरेचा प्रकार. याला पॅजेट-श्रॉटर सिंड्रोम म्हणतात. लंडनच्या सर जेम्स पॅजेटनी १८७५ मध्ये आणि व्हिएन्नाच्या फॉन श्रॉटरनी १८८४ मध्ये याचं वर्णन केलं होतं, दीडशे वर्षं होत आली. तरुण, धडधाकट, हात डोक्यावर नेऊन जोर लावणारी पोरं हेच याचे पेशंट. "एवढ्या ताकदीच्या पोराला काय होणार" म्हणून उशीर होतो. गुठळीचा तुकडा फुफ्फुसात जाऊ शकतो, म्हणून हात अचानक सुजला-निळा पडला तर मालिश नाही, शेक नाही, व्यायाम नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल.

आणि धमनीवाला प्रकार राहिला. बोटं पांढरी, गार, काम करताना हात दुखून लुळा पडतो, बोटांच्या टोकाला काळे ठिपके. तिथं जादा बरगडीनं धमनी घासून फुगते आणि तिच्यातनं छोट्या गुठळ्या बोटांत जाऊन अडकतात. हा एक टक्काच, पण तिथं व्यायामाचं नावच काढायचं नाही, रक्तवाहिन्यांचा सर्जन.

कडकभाकरी (१० फेब्रुवारी, रात्री १०.१०)
क्रिकेटच्या बॉलरना होत नाही का हे? बेसबॉलवाल्यांचं मी वाचलंय, न्यूयॉर्क मेट्सचा मॅट हार्वे, २०१६ मध्ये याच आजाराचं ऑपरेशन झालं होतं त्याचं.

पार्कमैदान (१० फेब्रुवारी, रात्री १०.१८)
हात डोक्यावर नेणारा कुठलाही खेळ. पोहणारे पण आले त्यात.

नवीपेठ (११ फेब्रुवारी, सकाळी ११.४०)
परवा जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो, होम मैदानावर ही गर्दी, चार वर्षांच्या पोरीला दोन तास खांद्यावर घेऊन फिरलो. पाळण्यातनं उतरायला तयार नाही आणि खाली चालायला तयार नाही. घरी आलो तर दोन्ही हातांची बोटं झोपलेली. अर्ध्या तासात उतरलं. मला पण हेच झालं असेल का? हा धागा वाचल्यापासून सारखा मान चाचपतोय.

फिजिओताई (११ फेब्रुवारी, दुपारी १२.१५)
नाही हो. पोरीच्या वजनानं खांदे खाली दाबले गेले, कॉलरबोन पहिल्या बरगडीवर टेकलं, तंतू थोडा वेळ दबले, पोर उतरली, मोकळे झाले. निरोगी माणसालाही होतं. जड सॅक घेऊन डोंगर चढणाऱ्यांना होतं तसंच. आपोआप गेलं, परत आलं नाही, तर तपासण्यांच्या मागे लागू नका. पोरीला पुढच्या वर्षीही न्या गड्ड्याला.

लूमवाला (११ फेब्रुवारी, रात्री ११.३०)
ताई मान मोडायची बंद केली. पण मग तेल लावून शेकलेलं तरी चालतं का? आमची आज्जी तिळाच्या तेलानं खांदा चोळायची, लई आराम पडायचा. आता ते पण खोटं म्हणू नका.

फिजिओताई (१२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०)
खोटं कशाला म्हणू, माझी आई आजही लावते. कोमट तेल, गरम पाण्याची पिशवी यानं आखडलेला स्नायू सैल पडतो, दुखणं कमी होतं. हलक्या हातानं करा. फक्त सूज आणि रंग बदललेला हात चोळायचा नाही. आणि सकाळी शिफ्ट सुटल्यावर एकदा दाखवून घ्या, सिव्हिलला केसपेपर काढा, तुम्ही कुठलं बोट ते अजून सांगितलंच नाही.

लूमवाला (१२ फेब्रुवारी, सकाळी ७.४५)
करंगळी. जातो शनिवारी.

भीमाकाठची (१३ फेब्रुवारी, रात्री ८.५०)
मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात. सगळ्यांचं वाचून लिहावंसं वाटलं कारण इथं सूर "व्यायामानं बरं होतं" असा लागलाय आणि माझं तसं झालं नाही. मला पण जादा बरगडी, पण छोटीशी, आणि तिच्या टोकापासून पहिल्या बरगडीपर्यंत दोरीसारखा एक चिवट पट्टा ताणलेला. तो एक्सरेत दिसत नाही. मला दुखत फार नव्हतं, म्हणून मी चार वर्षं दुर्लक्ष केलं. मग कुलपात किल्ली फिरवता येईना. शर्टाची बटणं लावता येईनात. एक दिवस मेंदी काढायला हात पुढं केला तर मेंदीवाली पोरगी म्हणाली, ताई अंगठ्याखाली खड्डा का पडलाय. तेव्हा बघितलं. मज्जातंतूंची तपासणी केली, त्यात स्पष्ट आलं. २०१९ मध्ये ऑपरेशन केलं, जादा बरगडी काढली, पट्टा कापला. मुंग्या गेल्या, कळ गेली. पण तो खड्डा भरला नाही. किल्ली आता डाव्या हातानं फिरवते. सुईदोरा, तुझा तर हातावरच संसार आहे. नुसतं व्यायाम करत बसू नकोस.

होटगीरोडकर (१३ फेब्रुवारी, रात्री ९.०५)
आता परत गोंधळ. करायचं की नाही ऑपरेशन?

फिजिओताई (१३ फेब्रुवारी, रात्री १०.२०)
भीमाकाठची, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं, आणि तुमच्या बाबतीत ऑपरेशनच बरोबर होतं. मी पहिल्या दिवशी अंगठ्याखालचा उंचवटा बघा म्हटलं ते याचसाठी. स्नायू वाळायला लागला, ताकद उतरायला लागली, की थांबायचं नाही. तंतू मोकळा केला तर दुखणं जातं, पण वाळलेला स्नायू पूर्वीसारखा भरेल याची खात्री नसते.

पण सुईदोरा ताईंचा स्नायू अजून शाबूत दिसतोय. अशा वेळी दोन-तीन महिने नीट व्यायाम, आणि मध्ये-मध्ये पकड मोजून घ्यायची. व्यायाम करून पाहणं म्हणजे वाट बघत बसणं नव्हे, दर महिन्याला तपासायचं. ऑपरेशन साधं नाही, काखेतनं किंवा कॉलरबोनच्या वरनं जातात, शेजारी फुफ्फुसाचं टोक, धमनी, शीर, तंतू सगळंच. ज्याला गरज आहे त्याला लाभ होतो, सरसकट नाही.

ताई, तुमची ती मज्जातंतूंची तपासणी झाली का? आणि ती नॉर्मल आली तर "काहीच नाही" असं कुणी म्हटलं तर निराश होऊ नका. या आजारात सुरुवातीला ती बऱ्याचदा नॉर्मलच येते. तसंच हात वर करून नाडी गेली म्हणजे आजार पक्का असंही नाही, ठणठणीत लोकांचीही नाडी जाते तशी. एका तपासणीवर हे ठरत नाही, सगळं जोडून बघावं लागतं.

सुईदोरा (१४ फेब्रुवारी, दुपारी १.३०)
भीमाकाठची ताई, तुमचं वाचून हातातली पँट बाजूला ठेवली आणि रडले थोडी. मग उठून परत तळवे बघितले, उजेडात. सारखेच आहेत. तपासणी झाली, नॉर्मल आली, आणि मी खरंच एक दिवस असं समजून बसले होते की माझं मनाचंच आहे. डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलंय, सोमवारपासून जातेय. कळवते.

सुईदोरा (२२ मार्च, रात्री ११.१०)
व्यायाम सुरू करून साधारण पाच आठवडे झाले. पहिले दोन आठवडे काहीच फरक नव्हता, उलट एक दिवस जोरात ताण दिला तर रात्रभर मुंग्या. फिजिओ मॅडम ओरडल्या, मुंग्या सुरू व्हायच्या आधी थांबायचं म्हणाल्या. आधी नुसता श्वास शिकवला. उताणं झोपून एक हात छातीवर, एक पोटावर, फक्त पोटावरचा हात हलला पाहिजे. सोपं वाटतं पण मला चार दिवस जमेना, छातीच हलायची. मग दाराच्या चौकटीत उभं राहून छाती उघडायची, मानेच्या बाजूचा हलका ताण, आणि दोन्ही खांद्यांची पाती मागे-खाली ओढून धरायची, रबरी पट्ट्यानं. आणि हात पसरून मनगट हळूहळू खालीवर करायचं, त्यानं तंतू सरकता राहतो म्हणे.

घरात पण बदल केले. कपड्याची दोरी खांद्याच्या उंचीला आणली. पाणी येतं त्या दिवशी मी भरायची सगळं, चार-पाच दिवसांचं एकदम, आता जड बादल्या पोरगा आणि नवरा उचलतात. कापडाचा गठ्ठा खांद्यावर नाही, सायकलवर. रात्री उजवा हात डोक्याखाली घेऊन झोपायची सवय होती, ती मोडायला सगळ्यात जड गेलं, सासूबाई रात्री उठून माझा हात खाली ठेवतात.

कळ निम्म्यावर आली. करंगळी अजून संध्याकाळी झोपते.

कडकभाकरी (२२ मार्च, रात्री ११.१५)
दाजी बादल्या उचलतात, म्हणजे माझी चिठ्ठी पोचली :)

भीमाकाठची (२३ मार्च, सकाळी ८.००)
किती बरं वाटलं वाचून. सासूबाईंचं वाचून तर जास्तच.

लूमवाला (२३ मार्च, रात्री ११.५०)
मी पण गेलो होतो सिव्हिलला. जादा बरगडी नाही, माझं कोपरातलं निघालं. मशीनच्या कठड्यावर कोपर टेकून उभा राहायचो तासन् तास. आता टेकत नाही, रात्री कोपराला टॉवेल गुंडाळून झोपतो म्हणजे वाकत नाही. सोलापुरी टॉवेल, घरचाच :) सलूनमध्ये आता फक्त दाढी.

सुईदोरा (६ जुलै, सायंकाळी ५.४०)
सीझन संपला. दरवर्षीपेक्षा कमी पीस घेतले, साधारण तीनातले दोन, पैशाला फटका बसला ते खरंय. पण दर पाऊण तासाला उठले, मोबाईलला गजर लावून. जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत बसावं लागलं तेव्हा परत मुंग्या आल्या, चार दिवस काम कमी केलं, गेल्या. काल सर्जनना दाखवून आले. पकड दोन्ही हातांची मोजली, उजवी आता डावीपेक्षा जास्त आहे, फेब्रुवारीत कमी होती. ते म्हणाले आत्ता बरगडीला हात लावायची गरज नाही, सहा महिन्यांनी या, ताकद कमी वाटली किंवा हाताचा रंग बदलला तर लगेच या. आज सकाळी सुईत दोरा ओवला, पहिल्या दमात. तेवढं सांगायलाच आले होते.

पूर्वभाग_अक्का (६ जुलै, सायंकाळी ६.३०)
देव भलं करो बाई. माझी मुलगी पण आता मशीन घेतेय. बसायचं टेबल किती उंच ठेवलंस ते तेवढं सांग.

सुईदोरा (६ जुलै, रात्री ९.१५)
अक्का, माप सांगून उपयोग नाही, तिची उंची वेगळी. तिला खुर्चीवर ताठ बसवा, दंड अंगाला चिकटवून कोपर वाकवायला लावा, कोपराच्या उंचीला टेबलाचा वरचा भाग आला पाहिजे. माझं टेबल खाली होतं म्हणून मी वाकायची, चारी पायांखाली एकेक वीट दिली. खुर्चीला पाठ हवी, स्टूल नको. कमरेमागे मी जुनी चादर घडी करून ठेवते. आणि उजेड डावीकडनं येऊ द्या, म्हणजे सुई बघायला मान पुढं जात नाही. मशीन आणलं की फोटो टाका इथं, बघून सांगते.